पट्टी

कारासयोकला दीड महिना सूर्य नाही.
आइलूचा डावा डोळा जन्मतः गढूळ,
सहाव्या आठवड्यात डॉक्टरणीने निवळून दिला.

आता राव्दना रोज
त्याच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवते.
तो रडतो.

डोक्याच्या मागच्या अंगाला पेशी आहेत म्हणे :
एकीला उभी रेघ कळते,
एकीला फक्त तिरपी.
डाव्याकडून काही आलंच नाही, तर
उजवा बांध कोरत येतो,
शेजारचं रान नावावर करून घेतो.
पुढे तो निवाडा सहसा फिरत नाही.

राव्दनाकडे कुठलं शेत, रेनडिअर आहेत.
तिला कळलं ते एवढंच :
उजेडाचा घास
एकाच्या तोंडचा काढून दुसऱ्याला.

दिव्यापाशी ती बाही हलवते,
निळ्यावर लाल पट्टा,
तिरपा.

डावा डोळा भटकतो,
भटकतो,
थांबतो.