करंगळीचा दर

रुसे शहरात, डॅन्यूबच्या काठी,
विमा कंपनीच्या चौथ्या मजल्यावर
मी दावे तपासते. अठरा वर्षं.
गारांनी पोचे पडलेल्या गाड्या, तळघरात शिरलेलं पाणी,
आणि माणसं. तीही तुकड्यातुकड्यांनी.
अंगठा गेला तर किती, तर्जनी गेली तर किती,
तक्ता पाठ आहे मला.
सगळ्यात स्वस्त करंगळी.
डावी असेल तर कुणी फारसं भांडतही नाही.

माझी स्वतःची मान मात्र कुठल्याच रकान्यात बसेना.
खांदे चढत चढत कानांशी आलेले,
जणू काही सांगायचं होतं त्यांना, खासगी.
कंपनीनं दाबायला रबरी चेंडू दिले.
भिंतीवर कागद लावला: दीर्घ श्वास घ्या.
त्याच्याखाली प्रिंटर, सतत तापलेला.

मग स्तोयांका म्हणाली, मंगळवारी या.
ती आमच्या टोपल्या रिकाम्या करते.
कुणाच्या टोपलीत गोळ्यांची किती पाकिटं,
हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

शाळेची व्यायामशाळा. जुन्या बुटांचा वास.
कोपऱ्यात रादोस्वेत, काखेत बोकडाच्या कातड्याची पिशवी,
ती फुगवताना त्याचेच गाल फुटतील असं वाटे.
स्तोयांका पुढे, हातात रुमाल,
मोजायची: एक, दोन, तीऽऽन.
एक, दोन, तीऽऽन.
तिसरं पाऊल दीडपट.
हिशेबखात्यातला कालोयान म्हणाला, हे असं का? समान का नाही?
ती म्हणाली, तुला घाई कसली आहे?

हात कुणाचा धरायचा हे आपण ठरवत नाही.
दारातून ज्या क्रमानं आत याल, तीच साखळी.
माझ्या उजवीकडे ओग्न्यान आला.
दोन वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
पंधरा पावलांवर बसून एकमेकांना लिहीत होतो
‘मागील पत्रव्यवहारास अनुसरून.’
एका बेकरीच्या भट्टीची फाईल होती.
सही त्याची, चूक माझी. किंवा उलटं.

आणि या नाचात हात धरत नाहीत,
करंगळ्या अडकवतात.

त्याची गार होती. नख कुरतडलेलं.
पहिल्या फेरीला मी त्याच्या बुटावर पाय दिला,
दुसऱ्या फेरीला त्यानं माझ्या.
तिसरीला कुणीच दिला नाही, आणि मला कळलं
की माझा श्वास त्या लांबलेल्या पावलावर जाऊन बसलाय,
प्रवासातून आलेलं माणूस जिन्यावर बसतं, तसा.
वीस माणसं, चार खाती, एक साहेब सगळ्यात शेवटी, पाय चुकवत.
सगळं वजन त्या एवढ्याशा बोटावर.
मी किंमत आठवून पाहिली. आठवली लगेच.
लाज वाटली म्हणणार नाही. घाम आला.

तेव्हापासून मंगळवार.
ऑफिसात ओग्न्यान अजूनही लिहितो, मागील पत्रव्यवहारास अनुसरून.
मीही.

मार्चमध्ये तो आला नाही. पुढच्या वेळीही नाही.
रजा, म्हणाले. कसली, ते नाही म्हणाले.
स्तोयांका म्हणाली, टोपली रिकामीच असायची त्याची.
मी ते वाक्य घरी घेऊन गेले.
साखळी थांबली नाही, पलीकडून कुणीतरी सरकलं,
गरम, जाड, अंगठी घातलेली करंगळी.
मला वाटलं होतं, मोकळी जागा दिसेल.

बुधवारी एका सुताराचा दावा आला.
डावी करंगळी, रंधायंत्र, दुसऱ्या पेरापासून.
तक्ता काढला. आकडा लिहिला, तक्त्यातलाच.
मग काय वाटलं कोण जाणे, फोन लावला
आणि विचारलं, तुम्ही नाचता का?
तो म्हणाला, हा प्रश्न अर्जात नाही.
नव्हताच.
मी फोन ठेवला नाही. त्यानंही ठेवला नाही.
पलीकडे लाकूड कापल्याचा आवाज येत होता.
पूर्वी, तो म्हणाला. लग्नांत.