कमी आवाजाचा कॉम्प्युटर

प्रोसेसर पासष्ट वॉटचाच घेतला.
पंखा मोठा, हळू फिरणारा,
कॅबिनेटला समोरून जाळी.
दुकानातला कोलते म्हणाला, भुसावळचा मे आहे,
पेस्ट वाटाण्याएवढीच लाव,
भाकरीवर लोणी थापल्यासारखी नको.

पप्पा रात्रभर मालगाडी हाकून
सकाळी नऊला झोपतात,
क्वार्टरच्या याच खोलीत.
त्यांच्या झोपेसाठी सगळा खटाटोप.

बाहेर शेहेचाळीस. आत, स्क्रीनवर, बहात्तर.
कॅबिनेटला कान लावला. काहीच नाही.
ऐकू येणार तरी कसं?
खिडकीतला कूलर
यार्डातल्या डिझेलसारखा धडधडतोय.

दोनला लाईट गेली.
कूलर थांबला, पंखे थांबले,
वाळ्यातून थोडं पाणी ठिबकत राहिलं

आणि पप्पा दचकून उठून बसले.
"काहून थांबली रे गाडी?"