आठ की तीन

मोबाइलवर ई-चलन आलं, पाचशेचं.
गुन्हा: हेल्मेट नाही. ठिकाण: सात रस्ता.
वेळ: सकाळी अकरा वाजून सहा मिनिटं.

अकरा वाजून सहा मिनिटांनी मी, मल्लेशम गाजूल,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
टॉवेलांचे डझन बांधत होतो.
साक्षीला चाळीस यंत्रमाग आहेत,
पण ते चालू असले की
कुणाची साक्ष कुणाला ऐकू येत नाही.

फोटो उघडला. गाडी माझ्यासारखी, माझी नव्हे.
एमएच तेरा, पुढचं सगळं जुळतंय,
शेवटचा आकडा मशीन म्हणतं आठ.
मला दिसतो तीन, अर्धा चिखलात.
चालवणारा लुंगीवर. मधे निळा ड्रम, पाण्यानं भरलेला,
मागं बाई, एका हातात ड्रमाची कड
दुसऱ्यात पदर.
म्हणजे पाचव्या दिवशीही त्यांचा नळ आला नव्हता.
ड्रमासाठी कायद्यात कलम नाही.
कॅमेरा डोकी मोजतो.

तक्रार टाकली.
वेबसाइट म्हणाली, फोटो छोटा करा.
केला. म्हणाली, एवढा छोटा नको.
हेल्पलाइन म्हणाली,
आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,
आणि सतरा मिनिटं सनई लावून ठेवली,
जसं काही आत कुणाचं तरी लग्न लागतंय.
माझी अनिता पुण्यात हेच वाक्य बोलते,
दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीसाठी, दिवसाचे नऊ तास.
रविवारी घरी फोन करते
तेव्हा तिला बोलायचा कंटाळा आलेला असतो.
मी पण काही विचारत नाही.
दोघंही लाइनवर असतो.

चौथ्या दिवशी मेसेज:
आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.
समाधानी असाल तर एक दाबा.
नसाल तर काय दाबायचं, ते लिहिलंच नव्हतं.

मग ट्रॅफिक ऑफिस.
हवालदार म्हमाणेंनी फोटो लांब धरला, जवळ धरला.
"आठच दिसतंय की ओ."
म्हणालो, साहेब, ह्या गाडीला दोन आरसे हायेत,
माझ्या गाडीला एकच हाय.
"एकच आरसा? त्याचं वेगळं होतंय बघा."

मग स्वतःच हसले. खुर्ची सरकवली.
टेबलावर त्यांचा फोन, स्पीकरवर,
त्यातही सनई.
तीच. मी ओळखली.
फ्रिज म्हणे वॉरंटी संपायच्या दोन दिवस आधी बंद पडला,
कंपनीचा माणूस आला संपल्यावर दोन दिवसांनी.
"मॅडम, मी पोलिसातला हाय," ते फोनला म्हणाले.
फोन म्हणाला, मराठीसाठी दोन दाबा.
त्यांनी दोन दाबलं.
सनई पुन्हा पहिल्यापासून.

"भरून टाका ओ गाजूल," ते शेवटी म्हणाले, जरा हळूच,
"पाचशेपायी कोर्टात पाच खाडे व्हतील."
पाच खाडे म्हणजे तीन हजार.
बाहेर आलो, चहा घेतला, भरून टाकलं.
दुकानदारानंच करून दिलं,
वर वीस रुपये त्याचे.

घरी येऊन माझीच पाटी पुसली,
कारखान्यातल्या एका बाद टॉवेलनं,
त्याची किनार चुकली होती म्हणून तो मला मिळाला.
पुसल्यावर कळलं, माझ्याही आठाचा रंग
डाव्या बाजूनं उडालाय.
कुणास ठाऊक, इतकी वर्षं
माझी कुठली चलनं तो भरत होता.

आता सिग्नलला थांबलो की
पुढच्या गाड्यांच्या पाट्या वाचत बसतो.
भेटला तर भांडायचं पक्कं केलंय.
पाचशे वीस काढ म्हणायचं, चहाचे सोडले.
मग एवढंच विचारायचं,
बाबा रे, ड्रम कुठून भरून आणलास?
आमच्या गल्लीत आज सहावा दिवस हाय.