वायसर

सोसायटीच्या ऑफिसात दोन वह्या आहेत.
लाल पुठ्ठ्याची तातडीची, निळी सवडीची.
कुठली तक्रार कुठं जाईल ते मी ठरवतो,
त्याचाच पगार घेतो.

लिफ्टमध्ये माणूस अडकला, लाल.
मीटरच्या खोलीतून जळका वास, लाल.
कलशेट्टी सरांच्या पार्किंगमधली फरशी हलली.
सर चेअरमन. लाल.
गेटची करकरणारी बिजागरी निळ्या वहीत,
आणि टाकीच्या भिंतीत बोटभर उगवलेला पिंपळही.
तो तीन वर्षं निळ्या वहीतच वाढला.
मग एका पहाटे टाकी तडकली
आणि त्याचं नाव लाल शाईनं लिहावं लागलं.

मी मूळचा जॉबर.
अक्कलकोट रोडला, एकवीस वर्षं, यंत्रमागावर.
धोटा उडाला की सगळे धावायचे,
मालक पाठीवर थाप मारायचे, रात्रीत माग चालू केलास!
ज्या रात्री काहीच मोडलं नाही
त्या रात्रीबद्दल
कुणी काही बोलल्याचं आठवत नाही.

निळ्या वहीत सगळ्यात जास्त ओळी
तिसऱ्या मजल्यावरच्या राजम्मा येमूल यांच्या.
नळ ठिबकतो.
बेल वाजत नाही. (वाजत होती.)
नळ अजून ठिबकतो, झोप लागत नाही.
तेलुगू वळणाचं मराठी, रोज रात्री साडेनऊला.
मी म्हणायचो, गुरुवारी मौलाली येईल.
गुरुवारी मौलाली यायचाही,
पण गुरुवारी दुसरीकडं काहीतरी पेटलेलं असायचं.

मे महिना. पारा चव्वेचाळीस.
पाचव्या दिवशी येणारं पाणी आठव्या दिवशीही नाही,
उजनीची लाईन कुठंतरी फुटलेली.
टँकर आधी ए विंगला की बी विंगला,
यावरून जिन्यात बाचाबाची,
लाल वही तीन दिवसांत संपत आली.
मी खुर्चीतच डोळे मिटायचो.

चौथ्या रात्री एकदम जाग आली.
घड्याळात दहाला पाच कमी.
फोन वाजला नव्हता.
काल वाजला होता? परवा?
निळी वही उघडली. शेवटची ओळ शुक्रवारची,
पुढं कोरं पान.

चाळीस मागांच्या गोंगाटात झोपणारा माणूस
एक माग थांबला की उठून बसतो.

लिफ्टची वाट न बघता जिना चढलो.
बेल दाबली. वाजली.
दार उघडायला वेळ लागला,
तेवढ्यात डॉक्टर कोण, जादा चावी कुणाकडं,
मुलाचा सिकंदराबादचा नंबर कुठं लिहिलाय,
सगळं आठवून झालं.

राजम्मा. एक हात भिंतीला,
दुसऱ्या हाताची बोटं
नसलेली विडी वळत होती.
"काय झालं? एवढ्या रात्री?"
"तुमचा फोन नाही आला."
"कशाला करू?
नळ ठिबकत नाही आता.
पाणीच कुठं आलंय."

बादलीच्या तळाला तांब्याभर होतं.
त्यातलं अर्धं पेल्यात ओतून त्यांनी माझ्यापुढं धरलं.
टँकरखाली घागर धरायला
या बाईला तीन मजले उतरता येतात का,
हे मी कुणाला विचारलं नव्हतं.
कुठल्याच वहीत तसा रकाना नाही.

गेटवरच्या ड्रममधून दोन घागरी वर नेल्या.
मग खिसा चाचपला.
तीन रुपयांचा वायसर, फेब्रुवारीपासून तिथंच.
कोरडा नळ खोलायला काय लागतं,
मेन कॉकसुद्धा बंद करावा लागला नाही.
त्या बॅटरी धरून उभ्या होत्या,
उजेड माझ्या हातावर कमी
आणि तोंडावर जास्त.

पाणी अकराव्या दिवशी आलं.
अख्खी विंग बादल्या वाजवत होती.
साडेनऊला फोन.

"नळ ठिबकत नाही."

मी निळ्या वहीत लिहून घेतलं.