ताप उतरल्यावर

रात्री अडीचला पुन्हा नमुना आला.
चिकटपट्टीवर नाव: संघपाल खरात, वय एकोणीस,
रोलिंग मिलमधला.
ट्यूब हातात कलती केली तेव्हाच कळलं,
रक्त दाट झालंय.
पाणी नसांतून पाझरून
पोटात, छातीत चाललंय.

बाहेर बाकावर त्याची आई.
"ताप तं उतरला की बाई,
आता काहून सुया टोचायलेत?"
मी म्हणाले, डॉक्टर सांगतील.
मला ठाऊक आहे ते इतकंच:
या आजारात ताप उतरतो
आणि मग सुरू होतं.

आमच्या जालन्यात नळ बाराव्या दिवशी येतो.
दारोदार निळे ड्रम, ड्रमात आभाळ,
आभाळात वळवळणाऱ्या अळ्या.
एकाच ड्रमाकाठचे दोघे भाऊ, एकाच आठवड्यात तापले.
धाकटा, काडी पैलवान, चौथ्या दिवशी उठून
भाकर-ठेचा मागत होता.
थोरला लोखंड उचलणारा.
"ह्योच कसा काय पडला?
ह्याला तं दोन सालामागं होऊन गेल्ता की."

होऊन गेला होता, मावशी.
तेच तर.

थेंब काचेवर ओढते, रंग देते, धुते.
भिंगाखाली पांढऱ्या पेशी फुगलेल्या,
कडा गर्द निळ्या,
शेजारच्या तांबड्यांना बिलगून.
दोन सालांपूर्वीचा चेहरा त्यांना आठवतोय.
पण हा तो नव्हे, त्याचा चुलतभाऊ.
जुनी ओळख त्याचा हात धरते,
पुरता आवळत नाही, सोडतही नाही,
तशीच उंबऱ्याच्या आत घेऊन येते.
मग हाका. हाकांना हाका.
धावून आलेल्यांच्याच पायांनी
भिंती खचतात
आणि ज्याच्यासाठी धावले
तो एव्हाना निघून चाललेला असतो.

धाकट्याच्या रक्ताला काहीच आठवत नव्हतं.
अडाणी ते, चाचपडत, बेतानं लढलं.

मशीननं प्लेटलेट अठरा हजार म्हटलं.
वॉर्डात फोन केला.
मग हातानं मोजल्या, उगाच.
सतरा.

आईनं फडक्यातली अर्धी भाकर पुढे केली.
हातमोजे काढले, हात धुतले, घेतली.

पहाटे सहाचा नमुना यायचाय अजून.
मागच्या साली मीही चार दिवस तापले होते.
कशानं, ते तपासलंच नाही,
लॅबवालीनं!
माझ्या आत कोण, कुणाचा अर्धा चेहरा
लक्षात ठेवून बसलंय?

निघताना ड्रमला फडकं बांधलं होतं का,
आठवत नाही.