नमुना क्रमांक ५८३

परभणीत, कॉलेजच्या चव-चाचणीच्या खोलीत
तीन वाट्या, तीन आकडे, ग्लासभर कोमट पाणी.
फॉर्मवर नऊ चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत.
खाली प्रश्न : खाताना काय वाटलं?

बँकेतले साहेब दोन मिनिटांत उठले.
तिन्हींना सातवा चेहरा, तिन्हींना 'छान'.
हात पुसत विचारलं,
कशाची होती हो आमटी?

द्रौपदाबाई बसूनच.
पहिली वाटी हुंगून सारली बाजूला :
"बाजरी कच्ची राहिली. भाजणारीचं ध्यान फोनमधी."
दुसरीला नुसतं हं.
तिसरी बोटानं निपटून खाल्ली
आणि पदर तोंडाला लावून
पंख्याकडं बघत राहिल्या.

बेचाळीस वर्षं येसर भाजलेली बाई.
जिंतूर-सेलूहून भाच्या, नणंदा
रिकामे डबे पाठवायच्या त्यांच्याकडं.

"हे ५८३ कुणाच्या हातचं?"
सांगता येत नाही मावशी, नियम आहे.
"म्हंजी पाकिटातलं."

पेन मुठीत धरलं, उलथन्यासारखं.
नऊतला एकही चेहरा घेतला नाही.
समासात दहावा काढला :
गोल, टिकली, दोन डोळे,
तोंडाच्या जागी काही नाही.

रात्री मी आकडे भरतोय.
साहेब : सात, सात, सात.
द्रौपदाबाईंचा रकाना लाल होऊन
एक ते नऊमधलंच काहीतरी मागतोय.

निघताना, जिन्यात कुणी नाही बघून,
हळूच विचारलं होतं त्यांनी,
"केवढ्याला असतंय रे ते पाकीट?"