बुडबुडा दिसू नये म्हणून

सातपूरच्या आमच्या शेडमध्ये
खोबरेल लावून यायचं नाही.
पहिल्याच दिवशी खैरनार साहेबांनी सांगितलं :
शुद्ध प्राणवायूला तेलाचं बोट लागलं की भडका.
तेव्हापासून सोमवार ते शनिवार
माझे केस कोरडे.
आई म्हणते, कसली मेली नोकरी,
डोक्याला तेलसुद्धा लावू देत नाही.

मी तपासते ती झडप
करंगळीच्या नखाएवढी.
पितळेची बैठक, रबरी कडं.
भिंगाखाली ओरखडा दिसला
की लाल डब्यात.
ती कुठे बसते ते मी चित्रात पाहिलंय :
छातीवर पिशवी, पोटाशी बाटली,
मध्ये चुन्याच्या पांढऱ्या दाण्यांचा डबा.
सोडलेला श्वास त्या दाण्यांतून जातो
आणि परत तोंडाशी येतो.
माणूस एकच श्वास
धुऊन धुऊन नेसतो.
वर पाण्यावर काही येत नाही.
तेच तर, साहेब म्हणाले,
बुडबुडा आला की शत्रूला कळतं
खाली कोणीतरी आहे.

चाचणीला नौदलाचा एक जण आला होता.
गंगापूर धरणाच्या फुगवट्यात उतरला.
आम्ही काठावर, जेवणाचे डबे तसेच बंद.
पाणी असं गप्प
जसं त्यानं काही गिळलंच नाही.
एक पाणकावळा बुडाला, वर आला,
पुन्हा बुडाला.
अठराव्या मिनिटाला तो माणूस
आम्ही बघत नव्हतो त्या बाजूला निघाला,
तोंडातली नळी काढली
आणि विचारलं, चाय मिलेगी क्या?

हे सगळं मी पुंजामामाला सांगितलं.
पुंजामामा भोई,
सोमेश्वरपासून तपोवनापर्यंत
गंगेतून माणसं काढणारा.
त्याचं सामान :
एक चड्डी, एक दोर,
दोराला तीन आकड्यांचा गळ,
आणि उडीआधी तंबाखू थुंकून टाकणं.
पोलीस फोन करतात, तो जातो.
दुतोंड्याच्या कमरेला पाणी लागलं
तेव्हाही गेला होता.
पंचनाम्यात त्याचं नाव 'खाजगी इसम'.

सगळं ऐकून घेतलं त्यानं.
म्हणजे बुडबुडा येतच नाही?
नाही, मामा.
मग त्याला काढायचं कसं?

मामा आधी उकिडवा बसून पाणी वाचतो.
एकामागे एक कुठे फुटतात ते बघतो,
तिथे उडी.
जिवंत माणूस त्यानं दोनदाच वर आणला.
दोन्ही वेळा पत्ता बुडबुड्यांनी दिला.
त्यातला एक अजून दिवाळीला
पावशेर शेव घेऊन येतो.
दुसऱ्यानं पुढच्या वर्षी परत उडी मारली,
तेव्हा मामा मालेगावला लग्नाला गेला होता.

झडप देता येत नाही, प्रत्येकीला नंबर असतो.
तोंडात धरायचं रबर मात्र
फाटलं तर भंगारात जातं.
त्यातलं एक मी त्याला आणून दिलं.

रविवार. अंगणात केसांना तेल लावत होते मी.
मामानं ते रबर दातांत धरलं,
दोन दात नाहीत, त्या बाजूनं हवा गळायची,
म्हणाला, थांब तुझ्या मिलिटरीला दाखवतो,
आणि गुडघे टेकून
तोंड बादलीत घातलं.

आले. भदाभदा आले.
मग बारीक.
मग सुटे सुटे, पावट्याच्या दाण्यासारखे.
मी मोजत होते. एकेचाळीस, बेचाळीस.
मग पाणी गप्प.

मामा, पुरे.
मामा.
धरणावरची ती अठरा मिनिटं
एकदम माझ्या पोटात उतरली.
मी तेलाच्या हातांनी त्याची मान धरली,
घसरली, पुन्हा धरली, ओढली.

हसत होता थेरडा.
मिशीतून पाणी गळत होतं.
रबर हातात घेऊन
उलटंपालटं करत म्हणाला,
तुझ्या त्या माणसाला एक दोर तरी बांधतात का?

मी उद्या विचारणार आहे.